जुनी शहरं एकटीने बघताना : आधी पाण्याची चौकशी

रानजाई (शिवाजी पेठ) | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, बुऱ्हाणपूरहून आल्यावर गप्पांच्या पानावर मी दोनचार ओळी टाकल्या होत्या. त्यावर 'एकटी गेलीस?', 'तिथं आहे काय बघायला?', 'राहायचं कुठं?' असे इतके प्रश्न आले की वेगळा धागा काढणंच बरं. बुऱ्हाणपूरबरोबर विजापूर, बीदर आणि अहमदाबादही यात घेते. ही शहरं मी वेगवेगळ्या वेळी बघितली, पण बघायची रीत एकच होती.

जुन्या शहरात उतरलं की मी आधी किल्ला किंवा देऊळ शोधत नाही. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, लॉजच्या काउंटरवर एकच विचारते : नळ यायच्या आधी इथली माणसं पाणी कुठलं प्यायची? या प्रश्नाला प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर असतं. किल्ला कुणी बांधला हे विचारलं की लोक फलकाकडे बोट दाखवतात. पाण्याचं विचारलं की स्वतःच्या आजीपासून सुरुवात करतात. एकटं माणूस विचारतंय म्हटल्यावर बऱ्याचदा उठून दाखवायलाही येतात. चौघांच्या घोळक्यासाठी कुणी उठत नाही, म्हणूनही मी एकटी जाते.

विजापूर आपल्या कोल्हापूरला सगळ्यात जवळचं. आपल्याकडे विजापूर म्हटलं की अफझलखान आणि पन्हाळ्याचा १६६० चा वेढा, तिथंच विषय संपतो. गोलघुमट बघाच, पण सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे आणि वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. शाळांच्या सहली आल्या की मग नुसत्या आरोळ्या. तिथून ताजबावडीला जा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६२० च्या सुमारास बेगम ताज सुलतानाच्या नावाने बांधलेली ही विहीर. विहीर कसली, मोठी कमान, दोन्ही बाजूंना अष्टकोनी बुरूज आणि आत चौकोनी पाण्याचा केवढा तरी विस्तार.

मला खरं गुंतवलं ते मात्र गावात जागोजागी उभ्या असलेल्या चौकोनी दगडी मनोऱ्यांनी. तिथे त्यांना गंज म्हणतात. तोरवीच्या बाजूने आणि पुढे मुहम्मद आदिलशहाने १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. नळ लांबवर उताराने आला की पाण्याचा दाब वाढतो आणि खापर फुटतं. म्हणून मध्येच पाणी मनोऱ्यात वर चढवायचं, दाब मोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग पुढच्या नळात सोडायचं. आज एका गंजाच्या भिंतीला एका फळवाल्याने आपल्या ताडपत्रीची दोरी बांधलीय. मी त्याच्याकडून पेरू घेतले आणि हे काय आहे विचारलं. "पानी का मीनार. मेरे दादा के टाइम में भी सूखा था," म्हणाला. दुपारी तिथल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, एण्णेगायी (भरली वांगी) आणि शेंगाचटणी खाल्ली. आपल्या जेवणाचं हे सख्खं भावंडच.

अहमदाबादला कोल्हापूरहून आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर (१४९९), सगळ्यांना माहीत असते आणि ती आहेच तशी : पाच मजले जमिनीखाली, प्रत्येक मजल्यावर खांबांची रांग, खाली उतरत गेलं की अंगाला गारवा जाणवतो. पण वेळ असेल तर असारव्यातली दादा हरीरची वावही बघा. ती सुलतान महमूद बेगड्याच्या जनानखान्याची व्यवस्था बघणाऱ्या बाई हरीर हिने बांधली. तिथं संस्कृत आणि अरबी असे दोन्ही लेख आहेत आणि गर्दी जवळजवळ नसते.

त्याहून मोठी गोष्ट पोळांमधल्या घरांखाली आहे. पोळ म्हणजे एकाच दरवाजाची गल्ली, आत दाटीवाटीने लाकडी कोरीव घरं. यातल्या कितीतरी घरांच्या चौकाखाली 'टांकं' असतं, पावसाचं पाणी साठवायची बांधीव कोठी. एका घरातल्या बांनी (तिकडे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात) मला ते उघडून दाखवलं. चौकाच्या फरशीत पितळेचं झाकण. ते बाजूला सारलं, तर आत नुसता काळोख. बा आत जाऊन हातआरसा घेऊन आल्या, चौकात आलेलं ऊन आरशावर धरलं आणि तो कवडसा खाली सोडला. तेव्हा पाणी दिसलं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. पहिला पाऊस वाहू द्यायचा, छप्पर धुऊन निघालं की मगच नळीचं तोंड टांक्याकडे वळवायचं. उजेड लागू द्यायचा नाही, म्हणजे शेवाळ धरत नाही. घरातली डाळ अजून याच पाण्यात शिजते, कारण नळाच्या पाण्यात तशी शिजत नाही असं बांचं म्हणणं. साखर-लिंबू घालून त्यांनी मला त्याच पाण्याचा पेला दिला. आपल्याकडे एवढा पाऊस पडतो आणि एकाही वाड्यात मी असं काही बघितलेलं नाही.

आता बुऱ्हाणपूर. भुसावळ-खंडवा मार्गावर, तापीच्या काठी. खानदेश सुभ्याचं हे मोगलांचं ठाणं, दख्खनच्या प्रत्येक स्वारीची फौज इथे येऊन थांबायची. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच गेली आणि आग्र्याला नेण्याआधी तिला इथेच, तापीपलीकडच्या आहूखान्यात (हरणांच्या शाही बागेत) पुरलं होतं. एवढी फौज, हत्ती, घोडे, बाजारबुणगे आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. शिवाय लढाईत शत्रू नदीचं पाणी नासवेल ही धास्ती. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने सातपुड्याच्या बाजूने जमिनीत झिरपत तापीकडे जाणारं पाणी हेरलं आणि जमिनीखाली बोगदे खोदून ते शहराकडे वळवलं. हाच कुंडी भंडारा. वरून बघाल तर माळावर एका ओळीत शंभराच्या वर कुंड्यांची तोंडं, दगडी कठडे असलेली. आत मोटार नाही, रहाट नाही. सगळं उतारावर चालतं.

लिफ्टने जवळजवळ ८० फूट खाली जाता येतं. खाली गुडघाभर वाहतं पाणी आणि भिंती पांढऱ्याशुभ्र. चुन्याचे थर साचून साचून दगड दिसेनासा झालाय. मान वर केली की कुंडीच्या तोंडातून नाण्याएवढं आभाळ, आणि पुढे अंधारात पुढच्या कुंडीचा उजेड पाण्यावर पडलेला. मी ओंजळीने पाणी प्यायले. चारशे वर्षांपूर्वीची सोय आजही माणसाची तहान भागवते, हे डोळ्यांनी बघून मला भरून आलं. ताजमहाल बघताना मला असं झालं नव्हतं.

बीदरचं थोडक्यात : नौबादची कारेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, ही कुंडी भंडाऱ्याचीच कल्पना, पण बहामनी काळातली, पंधराव्या शतकातली. महमूद गवानचा मदरसा (१४७२) आणि रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम चुकवू नका. बिदरी कारागिराच्या दुकानात जरूर बसा. जस्त-तांब्याचा घाट, त्यावर चांदीची तार ठोकायची आणि शेवटी किल्ल्यातली माती लावून काळं करायचं. तीच माती का, तर दुसऱ्या मातीने तसा काळा रंग चढत नाही म्हणतात.

विचारा काय विचारायचं ते.

---

तिकटीवरचा | शनिवार, रात्री १०.१५

लई भारी लिवलंय ताई. वाचनखूण साठवली.

तुमचं ते गंज वाचून आमच्या आजोबांचं बोलणं आठवलं. कळंब्याचं पाणी उताराने गावात यायचं आणि मंगळवार पेठेत 'पाण्याच्या खजिन्यात' साठायचं. तिथून पेठापेठांतल्या हौदांत. आम्ही पोरं 'खजिना' म्हटलं की सोनंनाणं पुरलंय समजून भिंतीला कान लावायचो. आजोबा म्हणायचे, अरे सोन्यापेक्षा जास्त किमतीचं हाय आत.

---

बावडेकर_काका | शनिवार, रात्री १०.५२

लेख आवडला. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला असं एकटीने फिरायचंय. तिची आई तयार नाही, मी मध्ये अडकलोय. बाईमाणसाने एकटीने या गावांत जाताना नेमकं काय सांभाळायचं, हे सविस्तर लिहाल का? नुसतं 'काळजी घ्या' नको.

---

रानजाई | रविवार, सकाळी ७.०५

काका, मी काय करते ते सांगते.

नव्या गावात दिवसाउजेडी पोचेल अशीच गाडी धरते, त्यासाठी एक मुक्काम वाढला तरी चालतो. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवते, ती बसस्टँड किंवा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी आणि रस्त्यावर रात्री दुकानं उघडी असतील अशी. खोली न बघता पैसे देत नाही. कडी, खिडकी, बाथरूमचा दरवाजा हाताने लावून बघते. काउंटरवर 'एकट्याच का?' असं विचारलं तर 'इथल्या कॉलेजात काम आहे' एवढंच सांगते.

विहिरी, बोगदे, ओसाड मकबरे सकाळी बघायचे. दुपारी चारनंतर अशा जागी एकटीने जायचं नाही, मग ती कितीही सुंदर असो. संध्याकाळ बाजारात घालवायची. वाट बायकांना विचारायची, फुलवालीला, भाजीवालीला, शाळेतून पोर घेऊन निघालेलीला. रिक्षाचा नंबर घरी पाठवते आणि रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा फोनही करते.

बीदरला नानक झिरा साहिब गुरुद्वारा आहे. तिथला झरा गुरू नानकांच्या नावाने ओळखला जातो आणि तेच पाणी भाविक तीर्थ म्हणून नेतात. मी तिथे लंगरमध्ये जेवले, पोळ्या लाटायलाही बसले. एकट्या मुलीला इतकी निर्धास्त जागा दुसरी मिळणं कठीण. मुलीची पहिली खेप बीदरची असू द्या. आईलाही आवडेल.

---

लालमाती | रविवार, सकाळी ८.३०

सगळं मान्य, पण एक सांगतो. शहर पाण्यावरून कळतं हे मला अर्धंच पटतं. शहर कळतं ते माणसं एकत्र कुठे बसतात त्यावरून.

मी काशीला जातो ते आखाड्यांसाठी. पहाटे घाटावर जोर मारणारी पोरं बघितली की मला गंगावेश तालमीत असल्यासारखं वाटतं. आणि आपलं खासबाग बघा. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं मोठं क्रीडागार त्यांनी बघितलं आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. मध्ये कुस्तीचा मातीचा हौदा आणि सगळीकडून चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही खालचा डाव तितकाच स्पष्ट दिसतो. मी देशातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत फिरलोय. कष्टकरी माणसाला समोर बसवण्याचा एवढा विचार करून बांधलेली जुनी जागा मला दुसरी दिसली नाही. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री मी तिथे होतो. मोठमोठे पैलवान गडी रडत होते. बाहेरच्या प्रवाशाने कोल्हापुरात एकच जागा बघायची म्हटली तर मी खासबागच सांगेन.

---

सत्यशोधकी | रविवार, सकाळी १०.१०

रानजाई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं, म्हणूनच यात जे आलं नाही ते सांगतो.

या सगळ्या विहिरी, वावा, हौद कुणासाठी होते? बोगदा कुणी खोदला आणि पाणी भरायला कुणाला येऊ दिलं? जुन्या शहरात मीही पाणवठा शोधतो, पण मी विचारतो की दुसरा पाणवठा कुठे होता. बहुतेक ठिकाणी तो असतो. गावाच्या उताराला, वापरलेलं पाणी वाहत येतं त्या बाजूला.

लांब कशाला जायचं. गंगाराम कांबळे हे आपल्या दरबारच्या पागेत चाकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. पुढे १९२० साली माणगावच्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर सात वर्षांनी, १९२७ मध्ये.

बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना आपण रंकाळा दाखवतो, नवा राजवाडा दाखवतो. भाऊसिंगजी रस्त्यावर उभं करून ही गोष्ट सांगणारा गाइड मला आजवर भेटलेला नाही.

---

रानजाई | रविवार, दुपारी १२.४०

सत्यशोधकी, हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अहमदाबादच्या पोळांबद्दल मी जे लिहिलं त्यालाही हे लागू आहे. घराखाली टांकं असणं ही ऐपतीची गोष्ट होती, आणि एका दरवाजाची पोळ म्हणजे दरवाजाच्या आत कोण आणि बाहेर कोण हेही ठरलेलं. बांच्या घरी टांकं साफ करायला आत कोण उतरायचं, हे मी विचारायला हवं. परत जाणार आहे, तेव्हा पहिला प्रश्न तोच. आणि इथून पुढे प्रत्येक गावात 'दुसरा पाणवठा कुठे होता' हेही विचारणार.

लालमाती, खासबागेबद्दल वाद नाहीच. पण हौद्यातल्या त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायला पाणी कुठून यायचं? तुम्हीसुद्धा माझ्याच धाग्यावर येता बघा.

---

तापीकाठची | रविवार, दुपारी ३.२५

माझं माहेर बुऱ्हाणपूर, सासर राजारामपुरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोल्हापूरच्या कुणी माझ्या माहेरावर एवढं लिहिलं, म्हणून खास लॉगिन केलं.

जाणाऱ्यांसाठी : कुंडी भंडाऱ्याची लिफ्ट सुरू आहे का याची आदल्या दिवशी गावात चौकशी करा. पावसाळ्यात आणि दुरुस्तीला ती बंद असते. चौकातली जामा मशीद बघा. फारुकी राजवटीतला राजा अली खान याने ती बांधली आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, संवत आणि शके दोन्ही घालून. शाही किल्ल्यातल्या हमामात छतावरचं रंगकाम अजून टिकलंय. तिथलं पाणीही भंडाऱ्याच्याच व्यवस्थेतून यायचं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मावा जिलेबी गरम असतानाच खा, बांधून आणू नका.

भाषेची काळजी नको. बाजारात हिंदी बोलाल, पण दुकानदाराला तुम्ही कोल्हापूरचे कळलं की तो मराठीत सुरू होईल. आमच्याकडे घरोघरी मराठी आहे.

आहूखान्यात आता फारसं कुणी जात नाही. आम्ही मुली तिथं चिंचा पाडायला जायचो. रानजाई, तिकडे गेलात का?

---

रानजाई | रविवार, दुपारी ४.०२

वहिनी, गेले होते, नदी ओलांडून, रिक्षावाल्याला थांबवून ठेवून. सुकलेला मोठा हौद, मोडकी बारादरी आणि शेजारी शेतं. ताजमहालावर एवढी गर्दी लोटते आणि मुमताजची पहिली कबर जिथे होती तिथं एक गुराखी आणि मी. हमामाच्या छताचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी खालची कारंजीच बघत राहिले होते.

---

नकाशावेडा | रविवार, रात्री ८.४५

धागा वाचत होतो, आता राहवत नाही. पाण्यावरून शहर बघायचं तर कोल्हापूर सोडून बुऱ्हाणपूर कशाला? आपलं गाव तळ्यांचं होतं. त्यातली बहुतेक आपण बुजवली आणि वर मैदानं, मंडया, बागा केल्या. नावं फक्त शिल्लक राहिली.

गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. आजही जोराचा पाऊस झाला की मैदानात गुडघाभर पाणी का साठतं, याचं उत्तर तेवढंच आहे : ते तळं आहे. कपिलतीर्थावर मंडई झाली. शाहू स्टेडियम रावणेश्वर तळ्याच्या जागी. पद्माळ्याची बाग झाली. अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंडसुद्धा कित्येक वर्षं मातीखाली होतं, अलीकडे उकरून मोकळं केलं. त्यात दगडी पायऱ्या, कमानी, देवळ्या सगळं जागच्या जागी सापडलं. आपण गावाला दक्षिण काशी म्हणतो. काशीत मणिकर्णिका आहे, पंचगंगा घाट आहे, आपल्याकडेही दोन्ही आहेत. तिथल्या मणिकर्णिकेवर दिवसरात्र माणसांची रीघ आणि आपली आपण गाडून टाकली होती.

रंकाळा आणि कोटितीर्थ तेवढे वाचले. कळंब्याचं तळं दरवर्षी उन्हाळ्यात किती खाली गेलं याची बातमी होते. बाकी आपण पंचगंगेवर, भोगावतीवर आणि २०२३ च्या दिवाळीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनवर. पाइपलाइन हवीच होती, तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. पण पाणी लांबून आलं म्हणून जवळचं विसरायचं कारण नव्हतं.

टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापारातून आलेला, पंचगंगेच्या काठच्या टेकाडावर सापडलेला. सातवाहन काळी इथे केवढा व्यापार असेल! वीतभर मूर्ती, हात उंचावलेला. किती कोल्हापूरकरांनी ती बघितलीय?

---

तिकटीवरचा | रविवार, रात्री ९.२०

नकाशावेडा भावा, वरुणतीर्थाचं शंभर टक्के. आमच्या वडिलांच्या तोंडी 'मैदान' शब्दच नव्हता, कायम 'वरुणतीर्थावर जाऊन येतो' म्हणायचे. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं ते बघा आणि जुन्या ओढ्यांच्या जागा बघा. पाण्याला रस्ता पाठ हाय.

---

कावेरीची_वारी | सोमवार, सकाळी ६.५०

थोडं अवांतर, पण मराठी माणसाने एकट्याने जायलाच हवं असं आणखी एक गाव सांगते : तंजावर. राजराज चोळाचं १०१० चं बृहदीश्वर मंदिर, आणि त्याच्याच भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी लेख. तमिळ मुलखात, हजार वर्षं जुन्या देवळात, देवनागरीतलं मराठी वाचताना घशात आवंढा आला. भिंतीला बोट लावत मी वाचत होते, तर शेजारी उभ्या असलेल्या तमिळ कुटुंबाने 'काय लिहिलंय?' म्हणून विचारलं. मग त्यांना वाचून, इंग्रजीत मोडकंतोडकं सांगितलं. मंदिराशेजारी शिवगंगा तळं आहे, म्हणजे धाग्याच्या विषयाला धरूनच झालं.

---

लालमाती | सोमवार, सकाळी ८.१५

नकाशावेडांचं वाचून रात्री गांधी मैदानाकडे चक्कर मारली. रोज जातो तिथून, पण काल पहिल्यांदा बघितलं की चारही बाजूंचे रस्ते मैदानाकडे उतरतात. बशीच आहे ती.

रानजाई, विषय तुमचाच खरा. मग असं करूया का, बाहेरगावी जायच्या आधी एकदा आपलंच गाव असं चालून बघू. येत्या रविवारी?

---

रानजाई | सोमवार, दुपारी १.३०

अवश्य. बावडेकर काका, मुलीला घेऊन या, गाव कसं विचारत हिंडायचं हे तिला इथेच शिकता येईल.

माझ्या मनात असं आहे : सकाळी सहाला पाण्याच्या खजिन्यापाशी जमायचं. तिथून वरुणतीर्थ वेस, मग कपिलतीर्थ. मंडईत भाजीवाल्या मावशी त्याच वेळी माल लावत असतात, त्यांच्याशी बोलू. पुढे मणिकर्णिका कुंड, तिथून भाऊसिंगजी रस्ता. तिथे थांबून सत्यशोधकींनी गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगायची, येणार ना? शेवट ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाट. रावणेश्वर आणि कोटितीर्थ दुसऱ्या बाजूला पडतात, ते पुढच्या खेपेला. टाउन हॉलचं संग्रहालय एवढ्या लवकर उघडत नाही, ज्यांना पोसायडन बघायचाय त्यांनी थांबावं.

तिकटीवरचा, तुमच्या वडिलांना किंवा गल्लीतल्या कुणी जाणत्यांना बरोबर आणता आलं तर बघा. हौद नेमके कुठेकुठे होते ते त्यांच्याकडूनच कळेल.

---

तिकटीवरचा | सोमवार, दुपारी २.०५

वडील आता नाहीत, पण गल्लीतले आण्णा हायेत, ऐंशीच्या पुढचे. हौदावर पाणी भरलेलं माणूस. चालायला जमणार नाही त्यांना, मी गाडीवरनं खजिन्यापाशी आणतो, तिथंच बसून सांगतील. फक्त सहा नको, साडेसहा करा. आण्णांचं दूध कट्ट्यावर होतं, त्याशिवाय ते निघत न्हाईत.

---

रानजाई | सोमवार, दुपारी २.२०

साडेसहा ठरलं. मी वही घेऊन येते, आण्णा सांगतील त्या हौदांच्या जागा लिहून घेऊ. नकाशावेडा, तुमच्याकडे गावाचा जुना नकाशा असेल तर त्याची मोठी प्रत काढून आणा, खर्च वाटून घेऊ.